नागम्माच्या मोटारीची साखळी

लोहाऱ्याच्या बाजारात कुणी नुसतं 'मोटार' म्हटलं की ती नागम्माचीच. दुसरी होतीच कुठं! वर निजामाचं राज्य, तिकडं विलायतेत लढाई पेटलेली, पेट्रोल कुपनावर, टायरचं तर नाव काढायची सोय नाही. अशा दिवसांत एक लिंगायत बाई, कपाळाला विभूतीचे पट्टे, पदर कमरेला खोचलेला, मोटारीच्या पायरीवर उभी राहून "नळदुर्ग, नळदुर्ग! चला, जागा हाय!" म्हणून ओरडायची. पहिल्यांदा बघणारा तोंडात बोट घालायचा. दुसऱ्यांदा बघणारा मुकाट्यानं आत चढून बसायचा, कारण नागम्माच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती.

ही मोटार तिच्या नवऱ्यानं, सोमलिंगनं, सोलापुरातून जुनी विकत आणलेली. मागचं धूड लोहाऱ्याच्या सुतारानं लाकडाचं बांधलं, त्यामुळं ती चालताना निम्मी मोटार वाटायची आणि निम्मी बैलगाडी. घरचा पिढीजात धंदा तेलाचा घाणा. वाटण्या झाल्या तेव्हा घाणा धाकट्या भावाकडं, महालिंगप्पाकडं गेला आणि मोटार सोमलिंगकडं आली. पुढं वर्षभरात सोमलिंग तापानं गेला. आता बाई मोटार विकणार आणि चुलीपुढं बसणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. दिवसकार्य उरकलं आणि दुसऱ्याच बाजाराला नागम्मा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसली. "बिराप्पा, हॅंडल मार," म्हणाली. बिराप्पा ड्रायव्हर बघतच राहिला, पण हॅंडल मारलं बापड्यानं.

खरं सांगायचं तर तिचा जीव त्या मोटारीत अडकला होता. लग्न होऊन आल्यापासनं घर, घाणा आणि विहीर एवढ्यातच ती फिरलेली. मोटारीत बसून तिनं नळदुर्गचा किल्ला बघितला, बोरी नदीला आलेला पूर बघितला, बाळंतपणाला निघालेल्या पोरी त्यांच्या माहेरच्या दारात नेऊन उतरवल्या. त्या पोरींच्या आया तिच्या हातावर गूळ ठेवायच्या. हे सगळं सोडून परत चार भिंतींत बसायचं? छे! ते तिच्याच्यानं आता होणारं नव्हतं.

आणि नेमकी दसरा सरल्यावर मोटार खळखळायला लागली.

आधी सकाळच्या गारठ्यात थोडी, मग दिवसभर. कुणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज. त्यातच मोटारीचा दम गेला. चढाला ती खोकायची, तोंडातनं फुसफुस करायची, आणि सकाळी चालू व्हायला बिराप्पाचा खांदा निखळायची वेळ यायची. एकदा तर बाजारच्या बायांना माळावर उतरवून मागून ढकलायला लावलं. ती बातमी मोटारीच्या आधी गावात पोचली.

महालिंगप्पा मनानं वाईट नव्हता. पण घरातली बाई ड्रायव्हरशेजारी बसते, ह्यावरनं मठात कुणी ना कुणी त्याला टोचायचं, आणि ते त्याच्या मनात साचलं होतं. तो घरी आला तो बसलाही नाही.

"वैनी, इंजिनाचं बेरिंग गेलंय असं बिराप्पाच म्हणतोय. लढाईत नवं बेरिंग कुठनं आणनार तुमी? आन उद्या आडरानात बंद पडली, संगं लेकुरवाळ्या बाया असल्या, तर तोंड कुणाला दाखवायचं आमी?"

"मिस्त्रीला दावते की."

"दावा. पौष पुनवंला नळदुर्गापाशी मैलारपूरची जत्रा हाय. खंडोबाच्या जत्रंला मोटार धावली तर ती तुमची, म्या पुन्यांदा तोंड उघडनार न्हाय. न्हाय धावली तर भंगारात जाईल. सोलापूरच्या दस्तगीरला म्या सांगावा धाडलाय."

घरातल्या वडीलधाऱ्यांनी मान डोलावली. नागम्मानंही डोलावली, कारण दुसरं काय करणार! पण आत जाऊन तिनं डोळे पुसले आणि भाकरी अशी थापली की परातीला पोचा आला.

नळदुर्गचा व्यंकट मिस्त्री आला. वयानं उतरलेला, हात ग्रीसनं कायमचे काळे, स्वभाव मात्र लोण्यासारखा. त्यानं इंजिन ऐकलं आणि तोही म्हणाला, "बेरिंगच वाटतंय, बाई."

"मिस्त्री, एक इचारू? बेरिंग झिजलं तर बोजा पडल्यावर बोलंल का बोजा उतरल्यावर?"

"बोजा पडल्यावर. चढाला ठोकतं ते."

"मग ही उलटी का? चढाला खोकती, पर खळखळ कमी असती. उतारावर बिराप्पानं पाय काढला की मग बघा हिचा थयथयाट! आमच्या घाण्यात झिजल्याली खुंटी बोज्याखाली कन्हती. रिकामी असताना वाजतं ते सैल पडल्यालं असतं. हितं काय तरी सैल हाय, मिस्त्री."

व्यंकट मिस्त्रीनं डोकं खाजवलं. बाई बोलत होती ते खोटं नव्हतं.

मग नागम्मानं जे केलं ते बघायला अर्धी गल्ली जमा झाली. कडुनिंबाची एक सरळ काठी तिनं तोडली, साल काढली आणि एक टोक दातांत धरलं. माहेरी तिचा बाप घाण्याचा दुखरा सांधा असाच शोधायचा. कानाला गडबड होते, दाताला होत नाही, असं त्याचं म्हणणं. बिराप्पानं इंजिन चालू केलं. काठीचं दुसरं टोक तिनं आधी इंजिनाच्या तळाला टेकवलं, बेरिंगाच्या अंगाला.

"अगं बया, मोटारीला दात घासायला शिकवती का काय!" मागनं कुणीतरी म्हणालं आणि खसखस पिकली. नागम्माच्या तोंडात काठी होती म्हणून ते माणूस वाचलं.

तळाशी काही नाही. नुसती घरघर. मागल्या अंगाला तेच. मग तिनं काठी पुढं आणली, पंख्यामागं जे पत्र्याचं झाकण असतं त्याच्यावर टेकवली, आणि तिच्या दाढा अशा खडखडल्या की तिनं काठी थुंकूनच टाकली.

"हितं! हितं हाय मेली!"

व्यंकट मिस्त्रीचे डोळे चमकले. "त्या झाकनाआड टायमिंगची साखळी असती, बाई. खालचं चक्र फिरलं की ह्या साखळीनं वरचं चक्र फिरतं आन झडपा येळंवर उघडझाप करतात." त्यानं खात्री करून घ्यायला एकेका प्लगची तार काढून बघितली. बेरिंग ठोकत असतं तर त्या त्या वेळी आवाज बदलला असता. आवाज ढिम्म बदलला नाही. मग इंजिन बंद करून, प्लग काढून, त्यानं करंट वाटणाऱ्या डब्याची टोपी उघडली आणि नागम्माला आतल्या काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. स्वतः तो पुढची चक्री हातानं फिरवत राहिला. पुढं फिरवली की काटा फिरे. तीच मागं फिरवली तर चक्री चांगली दोन बोटं सरकली तरी काटा आपला जागेवरच.

"फिरवताय न्हवं?" नागम्मानं विचारलं.

"फिरवतोय तर! एवढी सैल पडलीय साखळी. म्हनून झडपा मागं राहतात, म्हनून दम न्हाय, म्हनून खोकती. बाई, म्या चुकलो, आन लई बरं झालं चुकलो. बेरिंग धडधाकट हाय हिचं!" म्हातारा पोरासारखा टाळी वाजवून हसला.

झाकण उघडलं त्या दिवशी महालिंगप्पा हजर होता, आणि सोलापूरचा दस्तगीर भंगारवालाही. साखळी जुन्या पाळण्याच्या दोरीसारखी लोंबत होती. झाकणाच्या आतल्या अंगाला ती घासून घासून पत्र्याला चकचकीत चर पडला होता. दस्तगीर वाकून बघून म्हणाला, "ये तो गयी, अम्मा. पन अशीच येक गाडी मी मागल्या साली तोडली है. उसकी साखळी पडी है अपने वखारीत. बिलकूल कमी चाललेली."

नागम्मा उठून उभीच राहिली. "दस्तगीरभाई, तुमी मोटार न्यायला आलाव न्हवं? मग आता साखळी देऊन जावा!"

दस्तगीर खो खो हसला. असलं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. "हौ अम्मा, देतो! जत्रेला गाडी चाललीच तर मला फुकट बसवायचं. नै चालली, तर गाडी माझी, साखळीसकट. कबूल?"

"कबूल!"

पण व्यंकट मिस्त्री हसत नव्हता. तो झाकणातलं काहीतरी पेचकसानं खरवडत होता. "नवी साखळी घालून काय उपेग न्हाय, बाई. साखळीवर तेल सोडनारं बारीक भोक असतं, ते बुजलंय. लाखंवानी काय तरी बसलंय हितं सगळीकडं. साखळी कोरडी फिरली म्हनून झिजली. दुसरी बी अशीच झिजंल. घासलेटनं बी निघंना हे. काय असंल?"

नागम्मानं बोट फिरवलं. तांबूस, चिवट, नखाला दाद न देणारं. बोट नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

रोगन. दुसरं काय असणार! तिच्या सासरी दरसाल करडईचं तेल कढवून कढवून त्याचं रोगन करायचे. चामड्याच्या मोटेला आणि विहिरीच्या दोराला ते चोपडलं की वाळून कातडं होऊन बसायचं, पाणी आत शिरायचं नाही. लढाईमुळं इंजिनाचं विलायती तेल मिळेनासं झालं, तेव्हा बिराप्पा नको नको म्हणत असताना तिनंच हुकूम सोडला होता, "आमच्या घाण्याचं तेल माणसं खात्यात, मोटारीला काय धाड भरलीय? वत करडईचं!" चांगलं गाळलेलं, निवळशंख तेल मोठ्या तोऱ्यात तिनं स्वतः ओतलं होतं. इंजिनाच्या उष्णतेनं आत रोज रोगन शिजत होतं, आणि ती सीटवर ऐटीत बसून गावोगाव हिंडत होती.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? मिस्त्रीला रोगन ठाऊक नव्हतं. महालिंगप्पा तर साखळीकडं बघायलाही वाकला नव्हता. पण लपवून ठेवलं असतं तर नवी साखळीही मेली असती, आणि नागम्माला मोटार जगवायची होती.

"मिस्त्री," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे रोगन हाय. करडईच्या तेलाचं. ते तेल म्या वतलं."

महालिंगप्पा ह्या क्षणाचीच वाट बघत होता. "म्हंजी मोटार तुमीच मारली म्हना की, वैनी!"

"व्हय भावजी, म्याच मारली. आता म्याच उठवनार."

बोलली खरी, आणि मग कामाला अशी लागली की घरात कुणाची आडवं यायची टाप नव्हती. रोगन घासलेटला दाद देत नाही, पण रोगनाची कढई कशानं निघते हे घाण्याच्या घरातली कुठली बाई सांगेल. तिनं परड्यात मोठी कढई चढवली, चुलीतली राख आणि पापडखार पाण्यात उकळला आणि झाकण, चक्रं, इंजिनाच्या तळाची तेलाची परात, जे जे लोखंडाचं सुटं होत होतं ते सगळं त्यात बुडवलं. रटारटा उकळल्यावर तांबडं कातडं सुटून वर तरंगायला लागलं. व्यंकट मिस्त्री कढईभोवती फेऱ्या मारत "वा बाई, वा!" करत होता. जे सुटत नव्हतं तिथं त्यानं तोच खार चिंधीला लावून घासलं आणि तेलाचं ते बुजलेलं भोक तारेनं मोकळं केलं. फुंकर मारली तर पलीकडनं वारं लागलं.

आता तेल. "एरंडेल," मिस्त्री म्हणाला. "त्याचं रोगन व्हत न्हाय. शर्यतीच्या मोटारीत बी घालत्यात म्हनं. पर परात भरंल एवढं पायजे, आन पुढं बी लागत राहील."

नागम्मा घाण्यावर गेली. महालिंगप्पानं दोन्ही हात जोडले. "वैनी, जीव मागा. पर खायच्या तेलाच्या घान्यात एरंडी? लाकडात मुरली की पुढचं तेल खाऊन गावाला जुलाब लागतील. बापजाद्यांनी कधी घातली न्हाय, म्या न्हाय घालनार."

आणि ह्यात त्याचं चूक नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. ती वाद न घालता परत फिरली आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहून तिनं हाक दिली. बाजाराला मोटारीनं जाणाऱ्या बाया, माहेरवाशिणी, त्यांच्या सासवा, सगळ्या आल्या. शेताच्या बांधावरची एरंडी कुणी पदरात आणली, कुणी टोपलीत. बाळाच्या टाळूला लावायचं एरंडेल जसं घरी करतात तसंच हे करायचं: बिया भाजायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या आणि वर आलेलं तेल पळीनं काढून घ्यायचं. फक्त बाळ जरा मोठं होतं. दगडाबाई नावाची एक खाष्ट म्हातारी उखळापाशी ठाण मांडून बसली आणि दर घावाला एक विनोद करत राहिली.

"मोटारीला एरंडेल! रस्त्यात पोट सुटलं म्हंजी गं?"

"सुटू दे की आजी. कोठा साफ व्हऊन पळंल!"

हसून हसून बायांच्या हातातली मुसळं थांबायची. त्या परड्यात सोमलिंग गेल्यापासनं इतकं कुणी हसलं नव्हतं.

दस्तगीरनं शब्द पाळला, साखळी पाठवली. मिस्त्रीनं दोन्ही चक्रांवरच्या खुणा समोरासमोर धरून ती चढवली. नागम्मा शेजारी बसून खुणा बघत होती, श्वाससुद्धा जपून घेत होती. झाकण बसलं, एरंडेल ओतलं. बिराप्पानं हॅंडल मारलं आणि मोटार पहिल्याच झटक्याला चालू झाली. नागम्मानं काठी दातात धरून झाकणावर टेकवली. दाढा गप्प. नुसती एकसारखी गोड घरघर. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, आणि काठी तोंडात असल्यामुळं तिला हुंदकाही देता येईना.

पुनवेच्या दिवशी मोटार दाटून भरली. आत बाया, मागं बापये, टपावर खोबरं-भंडाऱ्याच्या पिशव्या. दस्तगीर पुढच्या सीटवर ऐटीत बसला आणि नागम्मा नेहमीप्रमाणं पायरीवर. महालिंगप्पा आपल्या छकड्यातनं पहाटेच निघाला होता. माळावरचा चढ लागला तसं सगळं बोलणं थांबलं. इथंच बायांनी उतरून मोटार ढकलली होती. बिराप्पानं पाय दाबला. मोटार खोकली नाही, अडखळली नाही, वाजलीसुद्धा नाही. एरंडेलाचा उग्र वास दरवळत ती चढ चढून गेली आणि पठारावर आली तशी आतनं दगडाबाई किंचाळली, "येळकोट येळकोट!" साऱ्या मोटारीनं "जय मल्हार!" म्हणून असा आवाज टाकला की बाजूच्या रानातली गुरं शेपट्या वर करून पळाली. पुढं सडकेला महालिंगप्पाचा छकडा लागला. बिराप्पानं हॉर्न दिला आणि मोटार त्याच्या अंगावर धुरळा उडवत पुढं गेली. नागम्मानं वळून बघितलं नाही. बघावंसं मात्र लई वाटलं.

जत्रेत दस्तगीरनं तिच्यावरनं हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "अम्मा, तुमची गाडी माझ्या नशिबात नै!" देवदर्शन झालं, भंडारा उधळून झाला आणि उन्हं कलायला लागली तशी परतीची मोटार भरली. सगळे बसल्यावर गर्दीतनं महालिंगप्पा आला. अंगभर भंडारा, त्याखाली सकाळचा धुरळा. तो मोटारीपाशी घुटमळला, इंजिनाकडं बघितलं, टायरला उगाच पाय लावला.

"बैल दमलेत. छकडा गडी घिऊन येईल," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "वैनी, हिला तेल तर कायम लागंलच."

"लागंल की."

"परड्यात आज्ज्याच्या येळचा एक घाना पडून हाय, मोडका. त्यात कुनी आता खायचं तेल काढत न्हाय. म्या म्हनलं, सुताराकडनं नीट करून घेतो. त्यो नुसता एरंडीलाच ठिवू."

नागम्मानं वळून दस्तगीरला सांगितलं, "दस्तगीरभाई, जरा सरका." मग दिराला म्हणाली, "चढा भावजी. पुढं बसा, माझ्या जागंवर."

आणि पायरीवर उभी राहून ती साऱ्या जत्रेला ऐकू जाईल अशी ओरडली, "लोहारा, लोहारा! बिराप्पा, हॅंडल मार!"